सकाळी पावणेदहाला निघून दुपारी चारला लंडन?

सप्रेम नमस्कार ताई,

मी ६६ वर्षांची, आमचे हे ७१. सध्या मुलाकडे टोकियोत आहोत. १८ ऑक्टोबरला इथून लेकीकडे लंडनला जायचंय आणि नोव्हेंबरअखेर परत टोकियोला यायचंय. तिकिटं काढून झाली आणि तेव्हापासून घरात वाद सुरू आहे. इंटरनेटवर टोकियो–लंडन अंतर ९,६०० किलोमीटर आणि विमानाचा वेळ ११ तास १० मिनिटं दाखवतात. जावई म्हणतात ५,९७० मैल. मुलाच्या एका मित्राने ५,१८० सांगितलं. यांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून चौथाच आकडा काढलाय. तिकीट पाहावं तर जाताना सकाळी ९.४० ला निघून त्याच दिवशी दुपारी ४ ला पोचायचं, म्हणजे सहा तास वीस मिनिटं. येताना संध्याकाळी ७ ला निघून दुसऱ्या दिवशी साडेपाचला, म्हणजे साडेबावीस तास! जायला सहा आणि यायला बावीस, असं कसं? हे म्हणतात, काही नाही, ९,६०० भागिले ९००, सरळ पावणेअकरा तास, रेटून नेऊ. माझे गुडघे आणि पायाची सूज यांना काही रेटायचं नसतं.

त्यात लेकीने नातीचा पहिला वाढदिवस नेमका त्याच संध्याकाळी साडेसहाला ठरवलाय. ‘चारला उतरता, सहापर्यंत घरी, विमानात झोप काढा म्हणजे झालं,’ असं तिचं म्हणणं. भाचा सांगतो, दुबईला थांबा घ्या, पाय मोकळे होतील. तुम्हीच सांगा, मी नेमके किती तास बसणार आहे? आणि वाढदिवसाचं काय करू?

– एक गोंधळलेली आजी

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देते, कारण तुमचा खरा प्रश्न नकाशाचा नाही, गुडघ्याचा आहे. जाताना तुम्ही १४ तास २० मिनिटं बसणार आहात. येताना १३ तास ३० मिनिटं. आणि वाढदिवस त्या संध्याकाळी करू नका. लेकीला कसं सांगायचं ते पुढे येतंच.

आता हे आकडे आले कुठून. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळाची. दोन वेगळ्या घड्याळांतली वजाबाकी केली की सहा तासांत लंडन दिसतं. १८ ऑक्टोबरला लंडनमध्ये उन्हाळी वेळ चालू असेल, तेव्हा लंडन टोकियोच्या आठ तास मागे असतं. तुम्ही दुपारी चारला उतराल तेव्हा मुलाच्या घरातल्या घड्याळात रात्रीचे बारा वाजलेले असतील. सकाळी ९.४० ते रात्री १२, म्हणजे १४ तास २० मिनिटं. झालं.

येताना मात्र आठ तास धरू नका. यजमान धरतील, आधीच सावध करते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. जपानमध्ये असली भानगड नाही, तिथलं घड्याळ वर्षभर एकाच जागी. त्यामुळे नोव्हेंबरात फरक नऊ तासांचा होतो. संध्याकाळी ७ ते दुसऱ्या दिवशी ५.३० हे कागदावर साडेबावीस तास, त्यातून नऊ वजा केले की साडेतेरा उरतात. तिकिटावर पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ लिहिलेलं असेल, ते मुलाला दाखवून ठेवा. मी एकदा तो +१ न बघता मैत्रिणीला विमानतळावर बोलावलं होतं. ती बिचारी चोवीस तास आधी येऊन उभी होती. अजून ऐकवते.

मैलांचं भांडण तर दोन मिनिटांत मिटेल. जावई, मुलाचा मित्र आणि इंटरनेट, तिघेही बरोबर आहेत. ९,६०० किलोमीटर म्हणजे जमिनीवरचे ५,९७० मैल आणि तेच अंतर सागरी मैलांत ५,१८०. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि विमानवाल्यांचा सगळा कारभार त्यातच चालतो. चुकलेत ते फक्त यजमान, आणि त्यात त्यांचा दोष नाही, भिंतीवरच्या नकाशाचा आहे. तो नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असणार. मर्केटरने तो १५६९ मध्ये काढला, तो जहाजवाल्यांसाठी. होकायंत्राची दिशा त्यावर सरळ रेषेत यावी एवढंच त्याला साधायचं होतं. त्या नादात उत्तरेकडचे प्रदेश अवाच्या सवा फुगले. ग्रीनलंड त्यावर आफ्रिकेच्या तोडीचं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. अशा नकाशावर पट्टी ठेवून किलोमीटर मोजणं म्हणजे रबराच्या टेपने कापड मोजणं.

घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर काढा. एक दोरा घ्या, एक टोक टोकियोवर, दुसरं लंडनवर, आणि ताणून धरा. दोरा चीन, कझाकस्तानकडून जात नाही. तो सरळ उत्तरेला चढतो, सैबेरियावरून सत्तर अक्षांशाच्या आसपास पोचतो आणि स्कँडिनेव्हियावरून लंडनला उतरतो. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता तोच आणि ९,६०० चा आकडा त्याचाच. ती अंतर सांगणारी पानं एवढंच करतात: दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतात, गोलावरचं अंतर काढतात, ठरावीक वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर टाकतात. ९,६०० भागिले ९०० म्हणजे १० तास ४० मिनिटं, अधिक अर्धा तास, ११ तास १० मिनिटं. तुम्हाला दिसलेला आकडा तोच. खोटा नाही तो. फक्त त्या वेळात तुम्हाला नेणारं विमान तुमच्या तिकिटात नाही.

कारण तो दोरा रशियावरून जातो.

२०२२ च्या फेब्रुवारीअखेर युक्रेनचं युद्ध सुरू झालं तशी युरोपने आणि ब्रिटनने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियाने उलट त्यांना. जपानच्या कंपन्यांनीही मार्चच्या सुरुवातीला तो रस्ता सोडून दिला. तेव्हापासून टोकियो–लंडन थेट विमानं रशियाला वळसा घालून जातात. त्याआधी हा प्रवास बारा तासांच्या आसपास होत असे, त्यामुळे जुन्या प्रवाशांना विचाराल तर ते ‘बारा तास’ म्हणतील, आणि तेही त्यांच्या काळापुरतं खरंच आहे.

जाताना तुमचं विमान बहुधा लंडनच्या विरुद्ध दिशेला तोंड करून निघेल. पश्चिमेला जायचंय आणि निघायचं पूर्वेला! पॅसिफिकवरून ईशान्येला, अलास्काच्या बाजूने, कॅनडाच्या उत्तर टोकावरून, ग्रीनलंडवरून खाली लंडनला. आता यजमानांना पेन द्या. टोकियो ते अँकरेज सुमारे ५,५०० किलोमीटर, अँकरेज ते लंडन सुमारे ७,२००. बेरीज १२,७००. विमान अगदी अँकरेजच्या डोक्यावरून जातं असं नाही, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. त्याला त्यांच्याच ९०० ने भागा. १४ तास ७ मिनिटं! तिकिटातले १४ तास २० मिनिटं आणि हे, काय फरक राहिला? यजमानांचा भागाकार पहिल्यापासून बरोबर होता हे त्यांना आवर्जून सांगा. ते भागत होते तो आकडा दुसऱ्या रस्त्याचा होता, एवढंच.

हा वळसा नवा वाटतो, पण जुनाच आहे. सोव्हिएत काळातही ते आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतांशी बंद होतं. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून अँकरेजमार्गे टोकियोची सेवा सुरू केली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं युरोप–जपान प्रवाशांना अँकरेजला उतरून पाय मोकळे करायला मिळत, कारण त्या विमानांना तिथे इंधन घ्यावंच लागे. १९८३ मध्ये फिनलंडच्या कंपनीने हेलसिंकीहून उत्तर ध्रुवावरून न थांबता टोकियो गाठलं. पुढे सैबेरियाचा रस्ता खुला झाला आणि ध्रुवाचं कौतुक सरलं. २०२२ च्या मार्चमध्ये त्याच कंपनीला पुन्हा ध्रुवावरून जावं लागलं, तेव्हा त्यांनी प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र वाटलं. चार तास जास्त बसवल्याबद्दल कागद! पण लोकांनी तो जपून ठेवला असणार, मी ठेवला असता.

येताना लंडनहून विमान अलास्काकडे फिरकत नाही, निदान बहुतेकदा नाही. ते युरोपवरून तुर्कस्तानच्या बाजूला उतरतं, काळा समुद्र, जॉर्जिया किंवा अझरबैजान, कॅस्पियन, मग कझाकस्तान, चीन, कोरिया असं करत टोकियो. इस्तंबूलमार्गे मोजलं तर हे सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर भरतं. म्हणजे जातानाही पूर्वेला, येतानाही पूर्वेला. ताई, तुमची पृथ्वीला पूर्ण फेरी होणार आहे. प्रदक्षिणा म्हणणार होते, पण पूर्वेला जाताना उत्तर ध्रुव डाव्या हाताला राहतो, तेव्हा शास्त्राप्रमाणे ती उलटीच झाली.

हे दोन्ही वेळा पूर्वेला जाणं उगाच नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदी वाहत असते, आणि हिवाळ्यात जपानवर ती पृथ्वीवर सगळ्यांत जोरदार असणाऱ्यांपैकी एक. कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. ती पाठीशी आली की विमान जमिनीच्या हिशेबात ९०० चं ११०० करतं, तोंडावर आली की ६००-७०० वर येतं. या वाऱ्याचा शोध लावणारा माणूस जपानीच. वासाबुरो ओइशी हे टोकियोच्या ईशान्येला ताटेनो इथल्या वेधशाळेत १९२० च्या दशकात फुगे सोडून उंचावरचे वारे मोजत. त्यांनी अहवाल लिहिला तो जगभर वाचला जावा म्हणून एस्पेरांतो भाषेत. जगाची भाषा म्हणून निवडली आणि जगात फारसं कोणी वाचलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या अमेरिकन बाँबर विमानांना तोच वारा जपानवर आडवा आला, तेव्हा बाकीच्यांना कळलं.

याचा तुमच्यापुरता अर्थ असा की विमान वेळेआधी किंवा वेळेनंतर अर्धा तास इकडेतिकडे झालं तर काही बिघडलं असं समजू नका. आणि तिकिटावरची वेळ दारापासून दारापर्यंतची असते, विमानाच्या दाराची म्हणतेय. धावपट्टीकडे रांगेत सरकणं, लंडनवर आल्यावर ‘उतरा’ म्हणेपर्यंत आकाशात घिरट्या घालणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. हीथ्रोवर घिरट्या हा नेहमीचाच प्रकार आहे. खिडकीतून तेच तळं दुसऱ्यांदा दिसलं तर घाबरू नका.

आता तुमच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंत बघू, कारण वाढदिवसाचा निकाल तिथे लागतो. ९.४० चं विमान म्हणजे पावणेसातपर्यंत विमानतळावर. तुमच्या तिकिटावर हानेडा आहे की नारिता ते नीट बघा, ताई. तुम्ही दोन्हींपैकी कुठल्याचं नाव पत्रात लिहिलेलं नाही. हानेडा शहराला लागून आहे, नारिता मध्य टोकियोपासून साठएक किलोमीटर लांब. हानेडा धरलं तरी पावणेसहाला घर सोडायचं, म्हणजे चारला उठायचं, आणि प्रवासाच्या आदल्या रात्री आपल्या वयाला झोप किती लागते ते मला सांगू नका. लंडनला चारला उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, व्हीलचेअर घेतलीत तर तिची वाट, मग संध्याकाळच्या गर्दीतून गाडी. सातला घरी पोचलात तर लवकर पोचलात म्हणायचं. वाढदिवस साडेसहाला. म्हणजे नुसत्या घड्याळाच्या हिशेबानेच केक तुमच्याशिवाय कापला जाणार.

आणि सातला पोचलात तरी तुमच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजलेले असतील. दारापासून दारापर्यंत सव्वाएकवीस तास झालेले, चारला उठलात तिथून तेवीस. अशा वेळी माणूस हसतो, पण कशाला हसतो ते त्याला ठाऊक नसतं. मी एकदा असल्याच उतरल्या रात्री एका घरी जेवायला गेले होते. पहिल्या घासापर्यंतचं आठवतं. पुढचं यजमानीण सांगते ते खरं मानते.

लेकीला असं सांगा. ‘अगं, मी येणार नाही म्हणत नाहीये. मला तिच्या वाढदिवसाला जागं राहायचंय.’ समारंभ तीन दिवस पुढे ढकलायला सांगा, आणि संध्याकाळी नको, सकाळी अकरा-साडेअकराला ठेवा. याचं कारण आहे. विमान पूर्वेकडून गेलं तरी घड्याळाच्या हिशेबात तुम्ही पश्चिमेलाच जाताय, आणि पश्चिमेला गेल्यावर शरीर पहिले काही दिवस लवकर मिटतं आणि पहाटे दोन-तीनला टक्क जागं होतं. लंडनची सकाळ ही तुमची संध्याकाळ, तेव्हा तुम्ही ताज्या असाल. लंडनची संध्याकाळ ही तुमची मध्यरात्र. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एखादा तास सरकतं, आठ तासांचा फरक पुरता मिटायला आठवडा लागू शकतो. एक वर्षाच्या पोरीलाही सकाळचीच वेळ बरी, संध्याकाळी तीच रडवेली होते. पाहुण्यांना आधीच बोलावलं असेल आणि तारीख हलत नसेल, तर त्यांच्यासाठी तो केक होऊ दे, तुमच्यासाठी दुसरा. मुलीला दोन केक मिळाले म्हणून ती तक्रार करणार नाही. पहिल्या संध्याकाळी फक्त थोडं खाणं, अंघोळ, आणि नऊपर्यंत कसंबसं जागं राहून झोप.

येताना मात्र जास्त त्रास होईल, त्याची तयारी ठेवा. पूर्वेला जाताना शरीराला लवकर झोपायला लावावं लागतं, आणि ते मुलांना लवकर झोपवण्याइतकंच अवघड. टोकियोत पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस कोणाला शब्द देऊ नका, आणि सकाळी उन्हात फिरायला जा. घड्याळ सरकवायला उजेडासारखं काही नाही.

भाच्याच्या दुबईचं बोलू. टोकियो–दुबई सुमारे ८,००० किलोमीटर, अकराएक तास. दुबई–लंडन ५,५०० किलोमीटर, सात-साडेसात तास. गंमत बघा, बेरीज १३,५००, तुमच्या अलास्काच्या रस्त्यापेक्षा फार जास्त नाही. पण बसण्याचे तास साडेअठरा, कारण हे सगळं पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडावर. वर तिथला थांबा तीन-चार तासांचा. पायाला विश्रांती मिळेल, कबूल, पण एकूण बावीस तास आणि दोनदा चढउतार, दोनदा तपासणी, मोठ्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाल. गुडघेवाल्या माणसाला मी हे सुचवणार नाही. तुमची तिकिटं थेट आहेत, ती तशीच राहू द्या. दुबईत एक रात्र हॉटेलात काढून दुसऱ्या दिवशी पुढे जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तो खरा थांबा. खुर्चीत बसून काढलेले तीन तास म्हणजे थांबा नव्हे.

कोणी तुम्हाला चीनमार्गेही सुचवेल. चिनी कंपन्यांची विमानं आजही रशियावरून जातात, त्यामुळे बीजिंग–लंडन टप्पा छोटा पडतो. तरुण एकटा माणूस असेल तर मी जा म्हटलं असतं.

पायांबद्दल गंभीरपणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात दिसलं की चार तासांपेक्षा जास्त वेळ न हलता बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात धोका लहान, सहा हजारांत एखाद्याला, म्हणून भिऊ नका, पण तुम्हाला सूज येते म्हणता तेव्हा जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा. घट्ट मोजे वापरायचे की नाही, वापरायचे तर कोणत्या दाबाचे, हे त्यांनीच ठरवायचं, दुकानदाराने नव्हे. बसल्या जागी टाचा वर-खाली करत राहा, तासाभराने उठा, शौचालयापर्यंत जाऊन या. विमानातली हवा फार कोरडी असते, पाणी घोट-घोट घेत राहा. पाणी प्यायलं की उठावं लागेल म्हणून टाळणारे आपल्यात फार. उठावं लागेल म्हणूनच प्या.

यजमानांच्या गोळ्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ७१ व्या वर्षी काही ना काही असेलच. रक्तदाबाची, साखरेची, जी काही असेल ती डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, शेजारी दोन्ही गावांच्या वेळा टाकून. ‘रोज सकाळी आठला’ हे वाक्य या प्रवासात निरुपयोगी आहे, कारण तुमची सकाळ दोनदा येणार आहे. आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानात नाही.

सकाळ दोनदा येणार हे मी अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. १८ तारखेचा सूर्य टोकियोत उगवायच्या बेतात असेल तेव्हा तुम्ही घर सोडाल. विमान पूर्वेला पळतंय म्हणून दिवस लवकर सरेल, निघाल्यापासून साडेचार-पाच तासांतच बेरिंग समुद्राच्या आसपास अंधार पडेल. तिथे तुम्ही आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडाल आणि तारीख एक दिवस मागे जाईल, १७ ची रात्र तुम्ही दुसऱ्यांदा काढाल. ती रात्र सहाएक तासांची. ग्रीनलंडच्या अलीकडे कुठेतरी परत उजाडेल, आणि तो पुन्हा १८ तारखेचाच सूर्य. तुमच्या शरीराला ही रात्र दुपारी दोन ते रात्री आठ अशी वाटेल, तेव्हा त्यात गाढ झोप लागली नाही तर स्वतःवर चिडू नका. वामकुक्षी झाली तरी पुष्कळ. लेकीचं ‘विमानात झोप काढा’ हे इथे कोसळतं.

जागेचं शेवटचं. तुम्ही कडेची घ्या, गुडघ्यांसाठी, आणि आजच मागून ठेवा, विमानतळावर मिळेलच असं नाही. यजमानांना डाव्या बाजूची खिडकी द्या. त्या बाजूला उत्तर. अंधार पडल्यावर सगळे पडदे ओढून झोपतील, तेव्हा त्यांना आपला पडदा बोटभर उघडा ठेवायला सांगा आणि दर थोड्या वेळाने बाहेर बघायला. अलास्काच्या उत्तरेला ऑक्टोबरच्या रात्री आकाश स्वच्छ असेल आणि नशीब असेल तर हिरवा उजेड हलताना दिसतो. दिसला तर त्यांनी तुम्हाला उठवायचं, हे आधीच ठरवून घ्या. नाहीतर माणूस बघत बसतो आणि सांगायचं विसरतो.